ट्रॉली पुन्हा पुन्हा अडकते: चॅनेल बदलण्याआधी काय तपासावं

बडोद्यात ही तक्रार दरवर्षी ठरलेल्या वेळी सुरू होते. जूनच्या शेवटी हवेत दमटपणा भरला की ओट्याखालची ट्रॉली घट्ट होते, ओढताना एका बाजूने तिरकी येते, बंद करताना शेवटच्या दोन इंचांत अडते. मिस्त्री येतो, चॅनेलची (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या धातूच्या पट्ट्यांची) नवी जोडी बसवतो, दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. उन्हाळ्यात तीच ट्रॉली खडखडते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडकते. तीन वर्षांत तीन जोड्या बदललेली घरं काही कमी नाहीत.

चॅनेल बिघडतो हे खरं, पण बहुतेक वेळा तो दुसऱ्या कशामुळे तरी बिघडलेला असतो. कप्प्याच्या दोन बाजू समांतर नसतात, स्क्रूची पकड गेलेली असते, तळ वाकलेला असतो किंवा कुठूनतरी पाणी झिरपत असतं. ते तसंच ठेवून नवा चॅनेल लावला की तोही त्याच वाटेने जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी मेजपट्टी, गुण्या (काटकोन तपासायला) आणि पाणसळ (पातळी तपासायला) घेऊन अर्धा तास कप्प्याजवळ बसावं.

आधी रिकामी करून चालवून पाहा

ट्रॉली पूर्ण रिकामी करा आणि सावकाश आतबाहेर करा. रिकामी सुरळीत चालते आणि भरल्यावरच अडते, तर दोष वजनात किंवा तळात आहे. रिकामी असतानाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच घट्ट असेल तर खोका, म्हणजे ट्रॉलीची सरकती पेटी, रुंद पडतोय किंवा कप्पा अरुंद झालाय. फक्त शेवटच्या तीन-चार इंचांत अडत असेल तर कप्पा मागच्या बाजूला अरुंद आहे, नाहीतर मागे काहीतरी पडलंय. झारा, डब्याचं झाकण, नळाची लवचिक नळी, काहीही. अर्ध्यावर एकदम थांबते आणि जोर लावला की कट्ट आवाज करून पुढे जाते, तेव्हा एकतर चॅनेलमधल्या छऱ्यांची पट्टी सरकलेली असते किंवा एखाद्या स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं. बंद केल्यावर आपोआप दोन बोटं बाहेर येते, तर कप्पा पुढे झुकलाय. तिथे चॅनेलचा काही दोष नाही.

आता ट्रॉली काढून घ्या. नेहमीच्या तीन भागांच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना काळी प्लॅस्टिकची खटकी असते. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढा, एका बाजूची खटकी वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबा, दोन्ही एकाच वेळी, आणि सरळ रेषेत ओढून घ्या. एक बाजू आधी सुटली की खोका तिरका होतो आणि छरे निसटतात, म्हणून दोन हातांचं काम एका हाताने करू नये.

सहा मापं

मोकळ्या कप्प्याची आतली रुंदी सहा ठिकाणी मोजा: पुढे, मध्ये आणि मागे, आणि या प्रत्येक ठिकाणी वर व खाली. कागदावर लिहून ठेवा. सहाही मापांत १ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. २ मिलिमीटरच्या पुढे फरक असेल तर तुमच्या तक्रारीचं मूळ सापडलं.

बाजूला बसणाऱ्या बॉल बेअरिंग चॅनेलची जाडी १२.७ मिलिमीटर असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २५.४. त्यामुळे खोक्याची बाहेरची रुंदी कप्प्यापेक्षा साधारण २६ मिलिमीटरने कमी ठेवतात. हा हिशोब नेहमी सगळ्यात लहान मापावरून करायचा. पुढे ५३० आणि मागे ५२७ असेल तर खोका ५०१ चा हवा. ५०४ चा केला की तो मागे जाऊन अडणारच. उलट मागे कप्पा रुंद असेल तर चॅनेलचे दोन भाग एकमेकांपासून ताणले जातात, छऱ्यांवर भार नीट येत नाही आणि ट्रॉली खडखडते. काही दिवसांनी छरे गळून जमिनीवर सापडायला लागतात.

रुंद बाजू भरून काढायला सनमायकाचे तुकडे उत्तम. नेहमीचा सनमायका १ मिलिमीटर जाडीचा येतो, पाण्याने फुगत नाही आणि मिस्त्रीकडे त्याचे कात्रण पडलेलेच असतात. ४५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा आणि जिथे फट आहे त्या पूर्ण लांबीत चॅनेलच्या मागे घाला. फक्त स्क्रूच्या मागे छोटा चौकोन ठेवला तर दोन तुकड्यांच्या मधला चॅनेल आत वाकतो. पुठ्ठा किंवा घडी घातलेला कागद कधीच घालू नये. पहिल्याच पावसाळ्यात तो ओला होऊन दबतो आणि माप पुन्हा बिघडतं.

खोकाही तपासा. त्याचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर खोका काटकोनात नाही. मागची पट्टी सोडवून, गुण्या लावून, पुन्हा चिकटवून स्क्रू मारावे लागतील. हे काम लोक टाळतात आणि चॅनेल ठोकून जुळवून घेतात. ते टिकत नाही.

उंची जुळवण्यासाठी मेजपट्टीवर विसंबू नका. प्लायचा एक तुकडा हव्या त्या उंचीचा कापा, कप्प्याच्या तळावर उभा ठेवा आणि त्यावर चॅनेल टेकवून खुणा करा; मग तोच तुकडा दुसऱ्या बाजूला वापरा. दोन्ही बाजू आपोआप एका पातळीत येतात. पहिले स्क्रू लांबट भोकांत मारा, ट्रॉली चालवून पाहा, वरखाली आणि पुढेमागे जुळवा, आणि सगळं मनासारखं झालं की मगच गोल भोकांत कायमचे स्क्रू घाला. बाजारातल्या बऱ्याच ट्रॉल्या फक्त लांबट भोकांवर सोडलेल्या असतात. वजन पडत गेलं की चॅनेल हळूहळू खाली सरकतो.

कोट्याच्या किंवा कडप्प्याच्या बाजू असतील तर

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत आणि कारेलीबागेतल्या पुष्कळ बंगल्यांत ओट्याखाली लाकडी कपाट नसतंच. कोटा फरशीचे किंवा कडप्प्याचे उभे पाट असतात आणि ट्रॉली थेट त्यांना लावलेली असते. पुन्हा पुन्हा सैल होणाऱ्या ट्रॉल्यांत या सगळ्यात जास्त. दगडाचा पाट जेमतेम २०-२५ मिलिमीटर जाड; त्यात रॉल प्लगला (स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीला) खोली मिळत नाही. शिवाय ट्रॉली प्रत्येक वेळी ओढली की स्क्रूवर बाहेरच्या दिशेने झटका बसतो. वर्ष-दीड वर्षात प्लग फिरायला लागतो, मिस्त्री भोक मोठं करून जाडा प्लग घालतो आणि एक दिवस पाटाची कपची उडते.

इथे चॅनेल दगडाला लावूच नये. प्रत्येक बाजूला दोन उभ्या पट्ट्या लावा, एक पुढच्या कडेपासून साधारण ४० मिलिमीटर आत आणि दुसरी मागे, चॅनेलचा शेवट जिथे येतो तिथे. पट्टी १८ मिलिमीटर जाड, ६० मिलिमीटर रुंद, डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिक मिश्रणाचा बोर्ड) किंवा चांगल्या प्लायची. पाटाच्या पलीकडेही कप्पा असेल तर ६ मिलिमीटरच्या स्टीलच्या बोल्टने दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींना आरपार आवळा, म्हणजे मधला दगड नुसता दाबात राहतो. दगडाला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, बिट धारदार घ्या, थोडं पाणी टाकत सावकाश चालवा. कडेपासून किमान ४० मिलिमीटर अंतर ठेवा. पलीकडे भिंत असेल तर बोल्टऐवजी लांब फिशर (स्क्रूसकट येणारा मोठा प्लग) थेट विटेपर्यंत न्या.

यात रुंदी जाते हे आधीच लक्षात घ्यावं. कप्पा ५३० मिलिमीटरचा असेल तर दोन पट्ट्यांचे ३६ वजा जाता ४९४, आणि चॅनेलचे २६ वजा जाता खोका ४६८. जुनी स्टीलची बास्केट १९ इंची, म्हणजे साधारण ४८३ मिलिमीटर असेल, तर ती आता बसणार नाही. १७ इंची घ्यावी लागेल. दोन इंच जागा गेली म्हणून कुरकुर होते, पण दर पावसाळ्यात दगडात नवं भोक पाडण्यापेक्षा हे बरं.

खोलीचाही हिशोब करा. ओटा २४ इंची असला तरी मागे नळ, सांडपाण्याची नळी किंवा पाइप गॅसची जोडणी असते. मागे किमान ५० मिलिमीटर मोकळे सोडून उरलेल्या मापाच्या खालचा चॅनेल घ्या; बहुतेक ठिकाणी २० इंची बसतो, नळी मोठी असेल तिथे १८ इंची. गॅसची रबरी नळी ज्या कप्प्यातून जाते तिथे ट्रॉली बसवूच नका. मागची कड नळीला घासत राहिली तर बाहेरून काही दिसत नाही.

स्क्रू फिरत राहतो

१८ मिलिमीटर प्लायसाठी ३.५ × १६ मिलिमीटरचा चपट्या डोक्याचा स्क्रू पुरतो. डोकं चॅनेलच्या पत्र्यात पूर्ण बसलं पाहिजे. अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी आतली पट्टी त्यावर घासते. नव्या चॅनेलमधून आठवड्याभरात करकर यायला लागली तर आधी हेच पाहावं.

भोक सैल झालं असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चॅनेलमधलं दुसरं, न वापरलेलं भोक. प्रत्येक चॅनेलला ती असतातच. तेही शिल्लक नसेल तर जुनं भोक ८ मिलिमीटरचं करा, गोंद लावून लाकडी डॉवेल (गोल खुंटी) ठोका, रात्रभर वाळू द्या, कड सपाट कापा आणि २.५ मिलिमीटरचं नवं भोक पाडून स्क्रू घाला. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद हा उपाय बिजागरीला एक वेळ चालतो, ट्रॉलीला नाही.

पार्टिकल बोर्डाच्या कपाटात डॉवेलही फार काळ धरत नाही, कारण भोकाभोवतीचा भुसाच सुटलेला असतो. तिथे भोक स्वच्छ करून दोन भागांचं इपॉक्सी भरा, किंवा बाजूला ६ मिलिमीटर प्लायची पूर्ण पट्टी चिकटवून तिच्यासकट आरपार बोल्ट घ्या. बोर्डाची कड पाण्याने फुगली असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी मूळ मापावर येत नाही. ती बाजूच बदलावी लागते.

प्लायबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. आयएस ७१० मरीन प्लाय किंवा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारं) प्लाय घेतलं की ते फुगणार नाही, असं दुकानात सांगतात. ही दर्जाची खूण आधी डिंकाची आहे. थर पाण्याने सुटत नाहीत एवढी हमी त्यात आहे. लाकूड तरीही उघड्या कडेतून ओलावा पितंच. म्हणून सिंकखालच्या कपाटात कापलेली प्रत्येक कड बंद करा, विशेषतः मागची, खालची आणि नळासाठी पाडलेल्या भोकाची. समोरची कड सगळेच पट्टी लावून सजवतात. पाणी येतं ते मागून.

वजन

गुजरातेत सिंगतेलाचा १५ किलोचा डबा घरोघरी येतो आणि बऱ्याचदा तो ओट्याखालच्या ट्रॉलीत ठेवला जातो. शेजारी १० किलो कणीक, दोन कुकर. चॅनेलवर ३५ किंवा ४५ किलो लिहिलेलं असतं, पण ते जोडीचं वजन आहे आणि त्यात खोक्याचं व समोरच्या दाराचंही वजन धरलेलं असतं. १२ मिलिमीटर प्लायचा ५०० × ४७० चा खोका दारासकट सहा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ३५ किलोच्या जोडीवर सामानाला उरले २९. ते वजनही सावकाश, समान पसरून असेल तरच. डबा समोरच्या कोपऱ्यात ठेवून ट्रॉली झटक्याने ओढली की एका चॅनेलच्या टोकावर सगळा भार येतो आणि तीच बाजू खाली बसते.

तेलाचा डबा खालच्या स्थिर कप्प्यातच असू द्या. ट्रॉलीत पाच लिटरचा कॅन पुरे. जड भांडी सगळ्यात खालच्या ट्रॉलीत आणि खोक्याच्या मागच्या निम्म्या भागात ठेवा.

तळ पाहा. सहा मिलिमीटर प्लाय खाचेत सरकवून केलेला तळ ४५० मिलिमीटर रुंदीच्या पुढे भरल्यावर पोट काढतो आणि खालच्या ट्रॉलीच्या डब्यांना किंवा चौकटीला घासतो. लोक याला चॅनेल बसला असं समजतात. तळाखाली मधोमध, पुढून मागे, १२ मिलिमीटर जाड आणि ४० रुंद पट्टी गोंद व स्क्रूने लावली की काम होतं. फक्त खाली तेवढी जागा आहे ना ते आधी मोजा. नवा खोका करत असाल तर तळ १२ मिलिमीटरचाच घ्या.

स्टीलच्या तारेच्या बास्केटला गंज चढतो तो बहुधा जोडांवर. इथे चुंबक लावून पारख करतात, ती उपयोगाची नाही. ३०४ आणि स्वस्त २०२ या दोन्ही प्रकारच्या स्टीलला चुंबक फारसं चिकटत नाही, त्यामुळे २०२ सुद्धा या परीक्षेत पास होतं. बिलावर दर्जा लिहून घ्या आणि भांडी निथळल्याशिवाय बास्केटमध्ये ठेवू नका.

छऱ्यांची पट्टी आणि तेल

ट्रॉली परत घालताना छऱ्यांची पट्टी पूर्ण पुढे ओढून घ्यावी. ती मागे राहिली तर खोक्याची पट्टी तिच्यावर आपटते, प्लॅस्टिक तुटतं आणि छरे विखुरतात. दोन्ही बाजू एकदम सरळ आत घाला. पहिल्या वेळी थोडी घट्ट जाईल, शेवटपर्यंत ढकला, पट्टी आपल्या जागी येते. वापरता वापरता ट्रॉली पूर्ण बाहेर येईनाशी झाली तरी हाच उपाय: एकदा जोराने पूर्ण बंद, एकदा पूर्ण उघडी.

चॅनेलमध्ये खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल किंवा स्वयंपाकाचं तेल सोडू नका. चार दिवस गुळगुळीत वाटतं. मग त्यावर कणीक आणि बेसनाची भुकटी बसून चिकट खळ तयार होते. कोरड्या ब्रशने भुकटी काढा, फडक्यावर किंचित टर्पेंटाइन घेऊन जुना चिकट थर पुसा, गॅस बंद आणि खिडकी उघडी ठेवून. वाळल्यावर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे हलका मारा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, एवढं पुरतं.

सॉफ्ट क्लोज (ट्रॉली शेवटी हळू बंद करणारी यंत्रणा) काम करेनासं झालं तर बहुतेक वेळा त्याचा प्लॅस्टिकचा आकडा आधीच आत निघून गेलेला असतो. ट्रॉली काढून स्क्रू-ड्रायव्हरने आकडा पुढे ओढून खाचेत अडकवा आणि पुन्हा घाला. तरीही शेवटचा इंच सरकत नसेल तर पाणसळ ठेवून कप्पा पुढे झुकला आहे का ते पाहा. पायांचे स्क्रू फिरवून तो समपातळीत आणा.

दाराच्या आत पुल-आउट बसवताना

जुनं दोन दारांचं कपाट तसंच ठेवून आत सरकते कप्पे बसवायचे, हा चांगला विचार आहे. खाली बसून मागचे डबे काढावे लागत नाहीत. पण माप इथेच चुकतं. आतली रुंदी ५६४ मिलिमीटर म्हणून खोका ५३८ चा करतात आणि तो पहिल्याच दिवशी बिजागरीला धडकतो. दार ९० अंशात उघडल्यावर त्याची जाडी आणि बिजागरी तोंडाच्या मोकळ्या जागेत येतात. म्हणून दारं उघडी ठेवून, दारापासून दारापर्यंत मोजा. ज्या बाजूला बिजागरी आहे तिथे चॅनेलच्या मागे २५ मिलिमीटरची पट्टी लावा. दोन्हीकडे दार असेल तर ५६४ वजा ५० वजा २६, खोका ४८८. जागा वाचवायचीच असेल तर १६५ अंशांची बिजागरी घ्या, पण शेजारी भिंत किंवा फ्रिज असेल तर दार तितकं उघडणारच नाही, हे आधी पाहून.

बाथरूमचं कपाट

बेसिनखाली सांडपाण्याच्या ट्रॅपमुळे (वाकड्या नळीमुळे) खोका इंग्रजी यू आकारात कापावा लागतो. ट्रॅपभोवती सगळीकडून ५० मिलिमीटर मोकळे ठेवा. अँगल कॉकपर्यंत (पाणी बंद करायच्या छोट्या नळापर्यंत) हात पोहोचला पाहिजे आणि खोका खटकी दाबून लगेच निघाला पाहिजे. नळ गळायला लागल्यावर स्क्रू काढत बसायला वेळ नसतो. कपाट जमिनीपासून निदान २०० मिलिमीटर वर, भिंतीवर टांगलेलं असावं. फरशीला उतार असतोच, त्यामुळे पायांवर उभं केलेलं कपाट पुढे झुकतं आणि ट्रॉली उघडी राहते.

इथले चॅनेल लवकर गंजण्यामागे वाफेइतकंच मोठं कारण म्हणजे त्याच कपाटात ठेवलेली अ‍ॅसिडची बाटली. टॉयलेट साफ करायच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं; झाकण नीट लागलेलं नसलं की त्याची वाफ जस्ताचा मुलामा खाते, आणि स्टीललाही डाग पाडते. नवा स्टीलचा चॅनेल घेऊनही गंज येत असेल तर बाटली दुसरीकडे हलवा, जमिनीवर, हवा खेळती असेल अशा जागी. ब्लीचिंगच्या शेजारी तर ती कधीच नको. दोन्ही एकत्र सांडली तर क्लोरीन वायू तयार होतो.

पुराचं पाणी लागलेली कपाटं

जुलै-ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं, तेव्हा कित्येक स्वयंपाकघरं बुडाली. बुडालेला बॉल बेअरिंग चॅनेल धुऊन वाळवला तरी भरवशाचा राहत नाही. ग्रीसमध्ये बारीक गाळ अडकतो आणि छरे दळले जातात. तो बदलाच. प्लायची कपाटं मात्र वाचवता येतात, घाई केली नाही तर. दारं आणि ट्रॉल्या काढून, मागची फळी सोडवून, पंख्याच्या हवेत काही आठवडे वाळू द्या. दर आठवड्याला कप्प्याची सहा मापं घ्या. सलग दोन वेळा ती बदलली नाहीत की मगच नवे चॅनेल लावा. ओल्या प्लायवर लगेच सनमायका चिकटवला तर ओल आत अडकून पडते आणि थर फुगून सुटतात.

नव्याने करताना खालच्या कपाटाला १०० ते १५० मिलिमीटरचे पीव्हीसी पाय द्या, समोरची पट्टी क्लिपवर काढता येईल अशी ठेवा, आणि सगळ्यात खालच्या थरात प्लायच्या खोक्याऐवजी स्टीलची बास्केट घ्या. पाणी येण्याचा इशारा मिळाला की ती खटकी दाबून भांड्यांसकट उचलून ओट्यावर ठेवता येते.